प्रभू येणारच आहे, मग दहावीचा अभ्यास कशाला?

माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्या विश्वासी ख्रिस्ती कुटुंबांकडून हा प्रश्न आजकाल फार येतो, की ताई शेवटचे दिवस आलेत, येशू परत येणार हे तर दिसतंयच, मग फ्लॅट, लोन, पोरांची शिक्षणं हे सगळं करायचं कशाला, आणि केलं तर आपला विश्वास कमी पडतोय असं होतं का. एका घराचं सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

वडगाव शेरीतलं कुटुंब. नवरा चाकणला कंपनीत, सेकंड शिफ्ट. रात्री घरी आला की जेवता जेवता मोबाईलवर जगाच्या अंताचे व्हिडिओ सुरू, आज बायबलच्या प्रकटीकरणातल्या श्वापदाची मुद्रा, उद्या त्याचा आकडा ६६६, परवा इस्राएलचं युद्ध. आरडी बंद केली, वाघोलीच्या फ्लॅटचं बुकिंग कॅन्सल केलं, पोराला म्हणाला दहावीचं काय घेऊन बसलायस, त्याच्या आत प्रभू येईल.

बायकोने हे सगळं चालवून घेतलं होतं, ती आली पोरासाठी. झालं असं की पोरगं क्लासहून आलं तर दार नुसतं लोटलेलं, गॅसवर कुकर शिट्ट्या देतोय आणि घरात कोणी नाही. मम्मी गच्चीवर कपडे काढायला गेलेली. ह्याला वाटलं झालं, प्रभू आला, सगळे विश्वासी स्वर्गात उचलले गेले, आपण मागे राहिलो. मावशीला फोन केला, तिने उचलला नाही. मग थेट चर्चच्या पाळकसाहेबांना लावला, ते "जय ख्रिस्त, बोल बेटा" म्हणाले आणि हा ढसाढसा रडायलाच लागला, कारण पाळकसाहेब अजून इथेच आहेत म्हणजे काही झालेलं नाही! आई हे हसत हसत सांगत होती, मला काही हसू आलं नाही. मोठ्या माणसांनाही अशी धास्ती बसते बरं का, फक्त ती कोणाला फोन करत नाहीत.

नवऱ्याला बोलावलं. अशा वेळी मी बायबलच्या वचनांवर वाद घालत नाही, त्यात समोरचा नेहमीच जास्त तयारीचा असतो. एवढंच विचारलं की हे व्हिडिओ कधीपासून? म्हणाला २०२१, कोविडची सेकंड वेव्ह. आई हॉस्पिटलातच गेली, ह्याला मातीलाही जाता आलं नाही. म्हणजे माणसाला हवा होता दिलासा आणि मोबाईल त्याला रोज रात्री भीती वाढत होता.

मग बायबलमधली प्रेषित पौलाची थेस्सलनीकाकरांस दोन्ही पत्रं सलग वाचायला लावली, मोठ्याने, बायकोसमोर. साधारण इ.स. ५० च्या सुमाराची नवी मंडळी, त्यांच्यातली काही माणसं वारलेली आणि मागच्यांना घोर, की प्रभू येईल तेव्हा आपली गेलेली माणसं मुकणार का. पौल सांगतो ख्रिस्तात मेलेले आधी उठतील, आणि ह्या शब्दांनी एकमेकांचं सांत्वन करा. घाबरवा असं म्हणत नाही. हाच उतारा आपल्याकडे मातीला वाचतात, ह्याने तो आईसाठी कधी ऐकलाच नव्हता. तिथे थांबला, बराच वेळ रडला.

दुसऱ्या पत्रात पौल चांगलाच तापलाय, कारण काही जण कामधंदा सोडून लोकांच्या भानगडीत फिरत होते. ज्याला काम करायचं नाही त्याने खाऊही नये, असं सरळ लिहिलंय. इथे बायकोने नवऱ्याकडे जे बघितलं ते बघण्यासारखं होतं.

तारखांचंही बोललो. अमेरिकेत विल्यम मिलर ह्या प्रचारकाच्या लोकांनी प्रभू येण्याची तारीख २२ ऑक्टोबर १८४४ धरली होती, काहींनी तर शेतातलं पीकही काढलं नाही. मग तिथलेच रेडिओवरचे प्रचारक हॅरॉल्ड कॅम्पिंग, त्यांची २१ मे २०११. दोन्ही दिवस आले तसे गेले. तो दिवस आणि घटका पित्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही, हे मत्तय २४ मध्ये येशूनेच सांगितलंय, तरी लोक कॅलेंडर घेऊन बसतात!

पण त्याला पटलं ते वेगळंच. त्याचं आजोळ केडगावकडचं, तिथलं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन लहानपणापासून बघितलेलं. मी म्हटलं पंडिता रमाबाई ह्याच प्रभूची वाट बघत होत्या ना? त्यांनी दुष्काळातल्या मुली आणून सांभाळल्या, त्यांना शिकवलं, हाताला काम दिलं, १९२१ मध्ये पोटची मनोरमा गेली, तरी १९२२ मध्ये स्वतः जाईपर्यंत बायबलचं मराठी भाषांतर चालूच होतं. वाट बघणारी बाई अशी असते. त्यावर तो काही बोलला नाही, पण पुढच्या वेळी आला तो आरडी सुरू करून.

तुमच्या घरी असं असेल तर वचनावरून भांडू नका, ह्या माणसाने काय काय करायचं सोडलंय तेवढं बघा. झोप, कामावर जाणं, पोरांशी बोलणं. आशा असेल तर ह्या गोष्टी सुटत नाहीत, सुटत असतील तर ती भीती आहे. जेवणानंतर व्हिडिओ बंद, हे आम्ही पहिल्याच दिवशी ठरवलं. आणि झोपच उडाली, छाती धडधडतेय असं असेल तर मनोविकारतज्ज्ञाकडे जा, गोळी घेतल्याने विश्वास कमी होत नाही. पोराला मी पाठवलं, त्याला फरक पडला.

फ्लॅटचं अजून अडलंय, रेट वाढलेत. पोराची भूमिती मात्र पार कच्ची निघाली. "बोर्डापर्यंत जग राहील असं वाटलंच नव्हतं ना ताई," म्हणतो. ट्यूशन लावलीये.