वाचकांचे प्रश्न : निनावी टेक्नो रेकॉर्डची ओळख

प्रश्न : जुन्या रेकॉर्डच्या ढिगात 12 इंची तबकडी मिळाली. जाकीट कोरं, लेबल फाटलेलं; ‘डेट्रॉइट’ एवढंच वाचता येतं. 33 वर (मिनिटाला सुमारे 33 फेऱ्या) लावली की सूर ओढल्यासारखा येतो. सुरुवातीची दहा-पंधरा सेकंदं खरखर, पुढे स्वच्छ. हे जुनं टेक्नो (डेट्रॉइटमध्ये रुजलेलं इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत) असेल का? खरखर धुऊन जाईल का?

उत्तर : आधी वेग पाहा. घड्याळ लावून 15 सेकंदांतले ठोके मोजा आणि चारने गुणा. 33 वर 23 ठोके, म्हणजे मिनिटाला 92 भरले, तर 45 वर ते सुमारे 124 होतात, आणि सुरुवातीचं टेक्नो साधारण याच चालीचं. तुमची तबकडी 45 चीच असावी.

ओळख मात्र लेबलपेक्षा गाणं संपल्यावर लेबलपर्यंत उरणाऱ्या गुळगुळीत पट्टीत कोरलेल्या अक्षरांत सापडते. टॉर्च अगदी आडवा धरून दोन्ही बाजूंची अक्षरं उतरवून घ्या. ‘एम’, ‘एमएस’ किंवा ‘केएमएस’ आणि पुढे आकडा दिसला, तर अनुक्रमे हुआन अ‍ॅटकिन्सचं मेट्रोप्लेक्स (1985), डेरिक मेचं ट्रान्समॅट (1986) आणि केविन सॉन्डर्सनचं केएमएस या डेट्रॉइटच्या टेक्नो कलाकारांच्या रेकॉर्ड कंपन्या आधी तपासा. कलाकाराच्या नावामागे धावू नका: अ‍ॅटकिन्स ‘मॉडेल 500’ नावाने, मे ‘रिदिम इज रिदिम’ नावाने रेकॉर्ड काढत, त्यामुळे क्रमांक जास्त भरवशाचा. ‘एनएससी’ असेल तर ती खूण डेट्रॉइटच्या नॅशनल साउंड कॉर्पोरेशनची. तिथे रॉन मर्फी मास्टर (ज्या मूळ तबकडीवरून छापायचे साचे बनतात ती) कापत. 1985-86 च्या रेकॉर्डवर ती नसली म्हणून शंका घेऊ नका. पुनर्मुद्रणासाठी मास्टर नव्याने कापला की पट्टीतली अक्षरं बदलतात, लेबल हुबेहूब तसंच असलं तरी. जुनेच साचे वापरले असतील तर मात्र अक्षरांवरून फरक कळत नाही.

आता खरखर. फक्त सुरुवातीलाच असेल तर ती बहुधा धूळ नव्हे. पहिला ठोका नेमका पकडायला डीजे तबकडी सुईखाली पुढे-मागे फिरवतात, त्यात खाचेच्या (सुई जिच्यातून फिरते त्या बारीक चरीच्या) भिंती झिजतात. झीज धुऊन जात नाही. तरी एकदा धुवाच, कारण मळ आणि झीज यांतला फरक त्यानंतरच कळतो. 400 मिली डिस्टिल्ड पाणी, 100 मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि फोटो धुण्याच्या वेटिंग एजंटचे (पाणी एकसारखं पसरवणाऱ्या द्रवाचे) 2-3 थेंब. लेबल कोरडं ठेवून मऊ ब्रश खाचेच्याच दिशेने फिरवा आणि शेवटी नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने खळबळून घ्या; हे राहिलं तर वाळलेला साका खाचेत बसतो आणि आवाज उलट वाढतो. तरीही खरखर उरली, तर गोल टोकाऐवजी लंबवर्तुळी टोकाची सुई लावून पाहा. ती भिंतीला वेगळ्या जागी टेकते, कधीकधी न झिजलेल्या भागावर. सुईचा तबकडीवरचा भार त्या सुईसाठी दिलाय तेवढाच ठेवा.

प्रश्न : एका टेक्नो रेकॉर्डवर सुई मध्येच एका जागी अडकून तेच चार ठोके वाजवत राहते. रेकॉर्ड बिघडली का?

उत्तर : दर फेरीला ‘टक्’ होत असेल तर ओरखडा. टक् नसेल आणि ताल तंतोतंत जुळत असेल तर ती मुद्दाम कापलेली बंद खाच, म्हणजे स्वतःलाच येऊन मिळणारी खाच, आहे. 33⅓ वर एक फेरी 1.8 सेकंदांची, तीत चार ठोके बसवले की चाल मिनिटाला सुमारे 133 होते. डेट्रॉइटचे टेक्नो कलाकार जेफ मिल्स यांच्या काही रेकॉर्डवर अशा खाचा आहेत. सुई हाताने उचलून पुढच्या खाचेवर ठेवा.