'प्वाल्यू' म्हणजे केसाळ शिपाई?

पहिल्या महायुद्धावरच्या मजकुराचा अनुवाद करताना फ्रेंच पायदळातल्या शिपायासाठी 'पोइलू' असा शब्द आला, कोशात त्याचा अर्थ 'केसाळ' असा मिळाला, तर मराठीत 'केसाळ शिपाई' लिहावे का, असा प्रश्न आहे.

लिहू नये. आधी या शब्दाचा (poilu) उच्चार पाहू. सुरुवातीला 'प्वा' येतो. शेवटचा स्वर मराठीत नाही: जीभ 'ई'च्या जागी ठेवायची आणि ओठ 'ऊ'सारखे गोल करायचे. म्हणून 'प्वाल्यू' हे त्यातल्या त्यात जवळचे. अनेकवचनाचा 'स' लिहितात पण उच्चारत नाहीत, त्यामुळे 'पोइलस' चूकच.

शब्दाचे मूळ केसांत असले तरी रोख मर्दानगीवर आहे. अंगावर केस म्हणजे धमक, ही समजूत फ्रेंच बोलीत जुनी आहे आणि १९१४ च्या आधीपासून 'प्वाल्यू' म्हणजे धाडसी गडी. आपण मिशीला पीळ देतो, मिशीवर ताव मारतो, त्याच जातीची ही कल्पना. मराठी 'केसाळ'मध्ये ती धमक अजिबात नाही. डोळ्यांपुढे अस्वल येते. खंदकात पाणी आणि सवड दोन्ही नसल्याने दाढ्या वाढल्या आणि शब्द चपखल बसला, एवढे खरे. पण एप्रिल १९१५ मध्ये बेल्जियममधल्या ईप्र शहराजवळ जर्मनांनी क्लोरीन सोडल्यावर वायूपासून बचावाचे मुखवटे आले. दाट दाढीवर मुखवटा घट्ट बसत नाही, फटीतून वायू आत शिरतो. दाढ्या गेल्या, नाव राहिले. फ्रान्समधल्या गावोगावच्या स्मारकांवरचा शिपाई बहुधा नुसता मिशीवालाच दिसतो.

अनुवादकाने सर्वांत जपायचे ते इथे: हा शब्द कोणाच्या तोंडी आहे? वर्तमानपत्रे आणि पिछाडीचे नागरिक तो कौतुकाने वापरत. खंदकातल्या अनेकांना तो नकोसा वाटे. ते एकमेकांना 'बोनॉम', म्हणजे साधा गडी, म्हणत. म्हणून निवेदनात 'प्वाल्यू' ठेवून पहिल्यांदा 'दाढीमिशांचा रांगडा गडी' असा खुलासा द्यावा, आणि शिपायाच्या संवादात सरळ 'गडी' लिहावे. त्यांच्या बोलीत असे सापळे आणखीही आहेत. 'सँझ' म्हणजे शब्दशः माकड, पण जेवणात तो डबाबंद गोमांसाचा डबा असतो. 'ज्यू' म्हणजे रस, पण कपात ती कॉफी. 'पिनार' ही रोजच्या शिध्यातली वाइन, १९१४ मध्ये पाव लिटर, १९१६ मध्ये अर्धा.

काळही सांभाळावा. नेपोलियनच्या 'जुन्या गार्ड' या मुरलेल्या, निवडक सैनिकांच्या दलातला शिपाई 'ग्रोन्यार', म्हणजे कुरकुऱ्या. त्याला प्वाल्यू म्हणू नये. १९१४ च्या ऑगस्टमधली लाल विजार आणि कापडी टोपी दाखवायची असेल तर तसे स्पष्ट लिहावे, कारण या शब्दासरशी वाचकाला १९१५ पासूनचा आकाशी निळा गणवेश आणि 'आद्रियाँ' हे पोलादी शिरस्त्राणच आठवते. फ्रान्समध्ये आज हा शब्द पूर्ण आदराचा आहे: 'शेवटचा प्वाल्यू' म्हणून ओळखले गेलेले लाझार पोंतिचेली, जन्माने इटालियन, १२ मार्च २००८ रोजी ११० व्या वर्षी वारले.

आपल्याकडचा 'गारदी' फ्रेंच 'गार्द'शी जोडतात. तोही पायदळाचाच शब्द, पण नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर मराठीत कायमचा काळवंडला. त्यामुळे पर्याय म्हणून तो टाळावा.

व्याकरणात 'डाकू'प्रमाणे चालवावा: एक प्वाल्यू, दहा प्वाल्यू, प्वाल्यूला, प्वाल्यूंचे.