शिट्टी वाजवायला पदवी कशाला?

प्रश्न : नमस्कार बाई. मी टी. वाय. बी. कॉम.ला आहे, राहते सिंहगड रस्त्याला. शाळेपासून खो-खो खेळते, कॉलेजच्या संघातही आहे. बी. पी. एड., म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी, करावी असं मनात आहे. मैत्रिणी म्हणतात, “शिट्टी वाजवायला पदवी कशाला?” बाबांचं म्हणणं, बँकेच्या परीक्षा दे. मला खेळ सोडवत नाही. काय करू?

उत्तर : मैत्रिणींचा राग धरू नकोस. त्यांना शाळेत पीटीचा तास कसा मिळाला, ते विचार. दहावीला तो गणिताच्या सरांनी घेतला असेल. नाहीतर चेंडू टाकून दिला असेल, मुलं खेळली आणि मुली पायऱ्यांवर बसून राहिल्या. हा विषय कुणी शिकवताना त्यांनी पाहिलेलाच नाही. त्यांच्या हसण्याला जबाबदार आम्ही शाळावाले आहोत, आणि याचं मला आजही फार वाईट वाटतं.

मी अडते आहे ती तुझ्या शेवटून दुसऱ्या वाक्यापाशी. आमच्या शाळेत सराव पाठ घ्यायला येणाऱ्या बी. पी. एड.च्या बहुतेक मुली हेच सांगायच्या, खेळ सोडवत नाही म्हणून आलो. पण मैदानावर उभं राहिल्यावर तुझा खेळ बाजूलाच राहतो. समोर आठवीचा अख्खा वर्ग असतो. चांगली खेळणारी आठ-दहा मुलं तुझ्याशिवायही खेळतील. उरलेल्यांचं काय? आमच्याकडे एका मुलाचं नेमकं पीटीच्या तासाला पोट दुखायचं. सगळ्यांच्या देखत धावायची त्याला लाज वाटत होती. मग मी रांगेत एकेकाला धावायला लावणं बंद केलं, सगळा वर्ग एकाच वेळी धावेल असे पाठलागाचे खेळ घेतले. कोण कसं धावतंय हे बघायला कुणाला सवडच उरली नाही. दिवाळीपर्यंत त्याची पोटदुखी थांबली.

खो-खोचे नियम १९१४ साली आपल्या डेक्कन जिमखान्यावर बसवले गेले. त्याच पुण्यात आठवीतल्या कितीतरी मुलांना चौकोनात नीट बसताही येत नाही. पाय कसे ठेवायचे, उठताना भार कुठे घ्यायचा, पाठीला हात लागायच्या आत ‘खो’ म्हटलं की फाउल का होतो, हे तुला अंगवळणी पडलंय. उशिरा उठणाऱ्या मुलीला तेच न चिडता पुन्हा पुन्हा शिकवण्यात तुला गोडी वाटते का, हे बघ. वाटत नसेल आणि निवडक खेळाडूच घडवायचे असतील, तर तेही काम मोलाचं आहे. मात्र त्याची वाट वेगळी, पतियाळाच्या एनआयएस या राष्ट्रीय क्रीडा संस्थेच्या प्रशिक्षक पदविकेची.

बाबांची काळजी खरी आहे. अनुदानित शाळांत जागा कमी निघतात, भरती सरकारच्या ‘पवित्र’ या शिक्षक भरतीच्या पोर्टलवरून होते आणि वाट पाहावी लागते. खासगी शाळा घेतात, पण बऱ्याचदा करारावर आणि तुटपुंज्या पगारात. बी. पी. एड. दोन वर्षांचं. प्रवेशाला सीईटी, त्यात मैदानी चाचणीही असते. पुढे एम. पी. एड. करून सेट किंवा नेट ही कॉलेजात शिकवण्यासाठीची पात्रता परीक्षा पास झालीस, तर कॉलेजात शारीरिक शिक्षण संचालक होता येतं. सेट आपलं पुणे विद्यापीठच घेतं. बाबांना हेही सांग की बँकांच्या पीओ, म्हणजे अधिकारीपदाच्या, परीक्षेला सर्वसाधारण गटातही तिशीपर्यंत बसता येतं, म्हणजे ही दोन वर्षं दिलीस तरी ते दार बंद होत नाही. दोन्ही एकदम मात्र करू नकोस. सकाळचं मैदान, मग वर्ग, मग सराव पाठ, यातून अभ्यासाला जीव उरत नाही.

फॉर्म भरण्याआधी तुझ्या जुन्या शाळेत जा. पीटीच्या सरांना विचारून काही आठवडे एका वर्गाचा तास घे. संघ नको, पूर्ण वर्ग माग. भिंतीला टेकून उभी राहणारी मुलं कोण आहेत ते हेर आणि त्यांना खेळात आण. मग गुलटेकडीला महाराष्ट्रीय मंडळाच्या आगाशे कॉलेजात चक्कर मार, दुसऱ्या वर्षाच्या मुलींना गाठ. गेल्या वर्षी बाहेर पडलेल्या कुठे लागल्या आणि हातात किती पडतात, हे स्पष्ट विचार. बाबांना बरोबर ने, म्हणजे आकडा त्यांच्याही कानावर पडेल.