अमेरिकेत इमर्जन्सीत लगेच उपचार मिळतात आणि ब्रिटनमध्ये तासन्‌तास थांबावं लागतं, हे खरं आहे का?

अर्धं खरं आहे. मी बरीच वर्षं अपघात विभागात नर्स होते, म्हणून आधी थांबण्याबद्दल सांगते. आत शिरल्यावर पहिल्यांदा ट्रायज होतं. कोण आधी आलं हे बघत नाहीत, कोणाच्या जिवाला जास्त धोका आहे हे बघतात. ब्रिटनमधल्या मँचेस्टर पद्धतीत पाच रंग आहेत: लाल म्हणजे तत्काळ, नारिंगी १० मिनिटांत, आणि निळा थेट २४० मिनिटांपर्यंत. पाय मुरगळलेल्याला ताटकळावं लागतं. हृदय बंद पडलेल्याला रांग नसते.

तरी ब्रिटनची बाजू मी सावरून घेणार नाही. ९५ टक्के रुग्णांचं चार तासांत काय ते व्हावं, हे इंग्लंडचं उद्दिष्ट २०१५ नंतर गाठलंच गेलेलं नाही. वॉर्डात खाटा रिकाम्या नसतात, म्हणून रुग्ण ट्रॉलीवर पडून राहतात आणि बाहेर अँब्युलन्स अडकतात.

अमेरिकेत १९८६च्या एम्टाला कायद्यामुळे मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, घेणाऱ्या रुग्णालयाला पैशाअभावी इमर्जन्सीतला रुग्ण परत पाठवता येत नाही. तपासून त्याची प्रकृती स्थिर करावीच लागते. पण बिल नंतर येतंच. अनपेक्षित बिलांना आळा घालणारा कायदा २०२२पासून लागू झाला, पण अँब्युलन्सपैकी फक्त हवाई अँब्युलन्सच त्यात येतात. रस्त्यावरच्या अँब्युलन्स त्यातून वगळल्या आहेत.

म्हणूनच नुसता रुग्णालयातला वेळ मोजून तुलना करणं मला पटत नाही. पक्षाघातात रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि ते घड्याळ घरीच सुरू होतं. तोंड वाकडं झालंय, पण अँब्युलन्सला किती पैसे पडतील, या घालमेलीत गेलेला तास रुग्णालयाच्या नोंदीत कुठेच दिसत नाही. ब्रिटनमध्ये ९९९ फिरवताना ही घालमेल नसते. माझ्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे.

फ्रान्सची रीत आणखी वेगळी. १५ नंबर लावला की गंभीर वाटणाऱ्या फोनवर डॉक्टर स्वतः बोलतात आणि गरज असेल तर डॉक्टरसह पथक दारात येतं. जर्मनीतही अत्यवस्थ रुग्णाकडे डॉक्टर जातात. ब्रिटन-अमेरिकेत मुख्यतः पॅरामेडिक येतात आणि रुग्णाला लवकर हलवतात. हृदयविकाराचा झटका आलेल्याला फ्रेंच पद्धतीचा फायदा होतो, असं मला वाटतं. पोटात रक्तस्राव होत असेल तर मात्र शस्त्रक्रियागृहच गाठावं लागतं. तिथे डॉक्टर सोबत असले तरी रस्त्यात थांबून चालत नाही.