कृषी सल्ला : आजोबांच्या कुऱ्हाडीवरचा गंज

प्रश्न (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ): माळ्यावर आजोबांच्या वेळची कुऱ्हाड, दोन विळे आणि वखराची पास (माती खरडणारं आडवं पातं) सापडली. सगळं गंजलं आहे. पुतण्या म्हणतो ग्राइंडर मारू, शेजारी म्हणतात संडास धुवायच्या ॲसिडात टाका. काय करावं?

उत्तर: भाऊ, दोन्ही नको. लोहारानं धारेला दिलेलं पाणी, म्हणजे तापवून-बुडवून आणलेला कडकपणा, हाच या अवजारांचा जीव. ग्राइंडरखाली पातं तापून निळं पडलं की पाणी उतरलंच समजा. मग कितीही पाजवा, धार टिकत नाही. ॲसिडची वाफ डोळ्यांना आणि छातीला वाईट, आणि ते गंजाबरोबर चांगलं लोखंडही खातं. त्यात चुकून ब्लीचिंग पावडर पडली तर विषारी क्लोरीन वायू सुटतो.

पासेची तर काळजीच सोडा. वखराचे दोन-चार तास झाले की माती तिला आपोआप लखलखीत करते.

कुऱ्हाड आणि विळ्यांचे दांडे निघत असतील तर काढून ठेवा. तारेच्या ब्रशनं सुटा गंज झाडा. चष्मा आणि जाड हातमोजे घालूनच. मग किराणा दुकानातलं पांढरं व्हिनेगर (साधारण ५ टक्क्यांचं) प्लास्टिकच्या टबात ओतून पातं रात्रभर बुडवा. टब फवारणीचा नको, हे मुद्दाम सांगतो. सकाळी गंज मऊ झालेला असतो, घासला की निघतो. दोन-दोन दिवस मात्र ठेवू नका, लोखंडाला खड्डे पडतात. नंतर लिटरभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून धुवा, लगेच पुसा आणि उन्हात कोरडं करा. ओलं राहिलं तर तासाभरात पुन्हा तांबूस झाक येते. खाली घट्ट काळा थर दिसला तर तो खरवडू नका, तो लोखंडाला राखतो.

पात्याला तेलाचा पातळ हात द्या. भाजी चिरायच्या विळ्याला खोबरेल. गाडीचं जळकं ऑइल कशालाच नको.

हात कापला तर धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी आरोग्य केंद्रात जा. ते जंतू गंजात जन्मत नाहीत, माती-शेणात असतात, आणि आपली अवजारं तिथंच वावरतात.

दांड्याला जवसाचं तेल उत्तम. पण तेलाची चिंधी बोळा करून फेकू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकते. पसरून वाळवा, आणि कापसाच्या गंजीजवळ तर मुळीच नाही.