पहिल्या वर्षाच्या स्टुडिओत (हाताने काम करून शिकण्याच्या तासाला) 'दुमडणे' या क्रियापदावर मॉडेल करायचंय. माउंटबोर्ड (मॉडेलसाठीचा जाड पुठ्ठा) घेऊ की कागद?

कागदच घ्या, आणि दुमडलेली एखादी वस्तू दाखवण्यापेक्षा तो कागदच दुमडा. माउंटबोर्ड घडीवर तडकतो. मागून ब्लेडने अर्धा काप दिला तर वळतो, पण मग ते 'कापणे' झालं आणि ज्युरीत, म्हणजे परीक्षक काम तपासतात तेव्हा, नेमकं तेच पकडतात. साधा ए-फोर कागद दोन पेल्यांवर आडवा ठेवून बघा, लगेच झोळ पडेल. त्यालाच बोटभर रुंदीच्या उलटसुलट घड्या घालून ठेवला तर मोबाइलसुद्धा पेलतो. घडीने कागदात आलेला हा ताठपणा हातालाच कळावा, यासाठी हा सगळा खटाटोप. असाच विचार शिल्पकार रिचर्ड सेरा यांच्या १९६७-६८ मधल्या क्रियापदांच्या, म्हणजे साहित्यावर करायच्या क्रियांच्या, यादीत आहे (ती न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयात आहे). 'उचलणे' हे क्रियापद घेऊन त्यांनी जाड रबराचा तुकडा कडेला धरून नुसता वर उचलला; तो तसाच उभा राहिला. मात्र तुम्हाला सरांनी तारच वापरायला सांगितली असेल, तर क्रियापद बदलून मागा: तार वाकते, पिळते, पण तिला पृष्ठभागच नसल्याने कागदासारखी घडी पडत नाही.