दोन मोबाइल, एक कॉम्प्युटर: नंबर आणि तारखा सगळीकडं सारख्या कशा ठेवायच्या?

तुमचा प्रश्न मला असा कळला: परभणीत कृषी सेवा केंद्र, दुकानात कॉम्प्युटर, तुमच्याकडं अँड्रॉइड, मिसेसकडं आयफोन. एका मोबाइलमध्ये शेतकऱ्याचा नंबर बदलला की दुसऱ्यात जुनाच राहतो. कंपनीच्या पेमेंटची तारीख एकीकडं दिसते, दुसरीकडं नाही. यासाठी कोणतं अ‍ॅप घ्यावं, असं तुम्ही विचारलंय.

नवीन अ‍ॅप घेऊ नका. उदगीरच्या मोंढ्यात माझं आडतीचं दुकान आहे आणि हाच घोळ मी दोन वर्षं सोसलाय. नोंद नेमकी कुठं राहते हे कुणी ठरवलेलंच नसतं, खरी अडचण ती. आमच्याकडं मुनीम सौदा आधी रोजकीर्दीला, म्हणजे रोजच्या वहीत लिहितो आणि खतावणी, म्हणजे खात्यांची वही, त्यावरून उतरवतो. दोघांनी दोन रोजकीर्दी धरल्या तर संध्याकाळी मेळ कसा बसणार? तुमच्या तीन यंत्रांचं आज तेच चाललंय.

म्हणून आधी दुकानाच्या नावानं एक वेगळं गूगल अकाउंट काढा. तुमचं घरचं अकाउंट यासाठी वापरू नका, नाहीतर सासुरवाडीचे नंबर दुकानातल्या पोरापर्यंत जातील. साध्या जीमेलमध्ये कॉन्टॅक्टची यादी दुसऱ्याशी शेअर करायची सोय नाही, त्यामुळं हे दुकानाचं अकाउंटच दोन्ही मोबाइलमध्ये जोडावं लागतं. कॅलेंडर मात्र शेअर करता येतं.

अँड्रॉइडवर एक गोष्ट निरखून बघा. नवीन नंबर सेव्ह करताना वर बारीक अक्षरात 'कुठं सेव्ह करायचं' ते लिहिलेलं असतं: सिम, फोन किंवा अकाउंट. बहुतेक जण तिकडं बघतच नाहीत. सिमवर किंवा फोनवर ठेवलेला नंबर तिथंच राहतो, तो आपणहून सिंक होत नाही, म्हणजे बाकीच्या यंत्रांत जात नाही. माझे तीनशेवर नंबर असेच 'फोन'मध्ये पडून होते आणि मी समजत होतो की सगळं गूगलला जातंय. कॉन्टॅक्ट्सच्या सेटिंगमध्ये नवीन नंबरसाठी डिफॉल्ट अकाउंट निवडता येतं, तिथं दुकानाचं अकाउंट लावा. सिमवरचे नंबर इम्पोर्ट करून घ्या. फोनमधले नंबर हलवायची सोय नसेल तर त्यांची व्हीसीएफ (नंबरांची यादी असलेली) फाइल काढून तीच अकाउंटमध्ये इम्पोर्ट करा.

आयफोनच्या सेटिंगमध्ये तेच गूगल अकाउंट जोडून कॉन्टॅक्ट्स आणि कॅलेंडर दोन्ही चालू करा. एवढ्यावर थांबू नका. डिफॉल्ट अकाउंट आणि डिफॉल्ट कॅलेंडरही तेच निवडा, नाहीतर मिसेस जे नवीन लिहितील ते आयक्लाउडला, म्हणजे अ‍ॅपलच्या अकाउंटला जाईल आणि पुन्हा दोन वह्या होतील. शेअर केलेलं कॅलेंडर आयफोनच्या कॅलेंडरमध्ये दिसत नसेल, तर ब्राउझरमध्ये गूगल कॅलेंडरचं 'सिंक सिलेक्ट' नावाचं पान उघडा आणि त्या कॅलेंडरपुढं टिक करा. या एका टिकेपायी माझा अख्खा रविवार गेला होता.

कॉम्प्युटरवर ब्राउझर पुरतो. वेगळा प्रोग्रॅम हवाच असेल तर थंडरबर्ड हा मेल-कॅलेंडरचा प्रोग्रॅम फुकट आहे. कॅलेंडरसाठी कॅलडॅव्ह आणि नंबरांसाठी कार्डडॅव्ह असे यंत्रांनी एकमेकांशी बोलायचे दोन खुले नियम आहेत, ते दोन्ही त्याला येतात. आयफोनलाही येतात. जुन्या आउटलुकला ते मुळातून येत नाहीत, म्हणून तिथं लोक अडकतात. अँड्रॉइडलाही येत नाहीत, पण गूगल अकाउंट असलं की त्याची गरज पडत नाही. उद्या गूगल सोडून नेक्स्टक्लाउडसारखी दुसरी क्लाउड सेवा घेतलीत, तर अँड्रॉइडवर हे नियम शिकवणारं डॅव्हएक्सफाइव्ह अ‍ॅप टाकावं लागेल.

आता कळकळीनं सांगतो ते हे. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. सोयाबीनच्या ऐन हंगामात दुकानातल्या पोरानं कॉम्प्युटरवर 'डबल नावं' साफ करायला घेतली. उदगीरकडं बालाजी नाव घरोघरी. माझ्या यादीत बालाजी वाढवणा, बालाजी देवर्जन, बालाजी हाळी, बालाजी नळगीर. पोराला वाटलं, एकाच माणसाचे चार नंबर आहेत. त्यानं एकेक ठेवून बाकीचे उडवले. बरं, त्याची समजूत अशी की कॉम्प्युटरवरचं कॉम्प्युटरवरच उडतंय. मी तेव्हा वजनकाट्यावर उभा होतो. पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचा हिशोब, सांगायला एका शेतकऱ्याला फोन लावायला गेलो तर नाव गायब. दुसऱ्याचं शोधलं, तेही नाही.

त्या दिवशी वाचवलं ते गूगल कॉन्टॅक्ट्सच्या 'अनडू चेंजेस'नं. कॉम्प्युटरवर सेटिंगमध्ये ते सापडतं आणि मागच्या 30 दिवसांतल्या कुठल्याही वेळेवर यादी परत नेता येते. मी कालच्या वेळेवर नेली आणि सगळे बालाजी परत आले. मात्र त्यानंतर घातलेले नवीन नंबर अशा वेळी जातात, ते आधी कागदावर उतरवून घ्या. 30 दिवस उलटले की मात्र हा रस्ता बंद. आता गूगलनं 'मर्ज' (दोन नोंदी एक करणं) सुचवलं तरी मी प्रत्येक नाव वाचूनच बटण दाबतो.

कॅलेंडरचा एक धडा आपल्या भागाचा आहे. 17 सप्टेंबर, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, 'दरवर्षी' लावून ठेवा, काही बिघडत नाही. तिथीवरच्या सणाला तसं करू नका. तुमच्याकडं येळवस किती पाळतात माहीत नाही, पण लातूर-धाराशिव पट्ट्यात मार्गशीर्ष अमावस्येला अख्खा गाव शेतात असतो, आंबिल आणि भज्जी घेऊन. मी 11 जानेवारी 2024 च्या येळवशीला 'दरवर्षी' लावलं. आदल्या साली अधिक श्रावण होता म्हणून ती एवढी पुढं सरकली होती, हे माझ्या ध्यानात आलं नाही. पुढची येळवस त्याच साली 30 डिसेंबरला आली. कॅलेंडर तिन्ही ठिकाणी अगदी सारखं होतं आणि तिन्ही ठिकाणी चूक. मी त्या दिवशी ट्रक लावून बसलो आणि भरायला एकही हमाल नव्हता. तेव्हापासून पाडव्याला पंचांग घेऊन बसतो आणि वर्षाच्या तिथ्या एकेक करून घालतो. अर्धा तास लागतो.

शिवारात रेंज नसली तरी बिनधास्त लिहा. नोंद मोबाइलमध्ये थांबते आणि नेट आलं की वर जाते. दोन दिवसांनीही गेली नाही तर बॅटरी सेव्हर आणि ऑटो सिंक तपासा.

बॅकअपसाठी मी दर महिन्याच्या एक तारखेला गूगल कॉन्टॅक्ट्समधून सगळी यादी एक्सपोर्ट करून पेन ड्राइव्हवर ठेवतो. एक्सपोर्ट करताना व्हीकार्ड (म्हणजे तीच व्हीसीएफ फाइल) निवडा. सीएसव्ही (तक्त्याची साधी फाइल) घेतलीत तर ती एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका. मराठी नावांच्या जागी भलतीच चिन्हं येतात, आणि +91 लावलेले नंबर 9.19ई+11 असे होऊन बसतात. ती फाइल परत इम्पोर्ट केली की तोच कचरा सगळ्या मोबाइलमध्ये जातो.